स्थिर, पण कोणाच्या तुलनेत?

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे आवर्तसारणीच्या एकाच उभ्या रांगेतले धातू. दोघांच्याही बाहेरच्या कवचात दोन-दोन इलेक्ट्रॉन, दोघंही वजनाला हलके, दोघंही पेटले की झगझगीत जळणारे. शाळेच्या पुस्तकात ते अल्कधर्मी मृदा धातू म्हणून भेटतात आणि त्यांचे गुणधर्म एका दमात पाठ केले जातात. हे दोन धातू एकत्र वितळवून थंड केले, तर त्यांचं एकच संयुग तयार होतं: कॅल्शियमचा एक अणू आणि मॅग्नेशियमचे दोन. दुसरं कुठलंही प्रमाण जमत नाही. हे संयुग ७१५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तर शुद्ध मॅग्नेशियम ६५० अंशांनाच वितळून जातं. मॅग्नेशियमचा पत्रा लाटता येतो. हे संयुग ठोकलं की फुटतं. हाडात बसवायचा आणि काम झाल्यावर शरीरातच विरघळून जाणारा स्क्रू करण्यासाठी मॅग्नेशियममध्ये थोडं कॅल्शियम घालतात, तेव्हा कणांच्या सीमांवर हेच संयुग जमतं आणि गंज आधी त्यालाच धरतो.

दोन किंवा अधिक धातूंच्या अशा ठरावीक प्रमाणातल्या, स्वतःची वेगळी स्फटिकरचना असलेल्या संयुगांना आंतरधातू संयुगं म्हणतात. त्यांच्यावरच्या असंख्य शोधनिबंधांत आज एक वाक्य ठरलेलं असतं: संगणकाने काढलेल्या ऊर्जेनुसार हे संयुग स्थिर आहे. माझं म्हणणं असं की हे वाक्य बऱ्याचदा अर्धवट सोडलेलं असतं. स्थिर, पण कोणाच्या तुलनेत? हा प्रश्न न विचारता केलेली गणितं कितीही अचूक असली तरी त्यांतून पदार्थाबद्दल फारसं काही कळत नाही. आणि तो प्रश्न नीट विचारून भट्टीपर्यंत नेण्यासाठी जे लागतं, ते नागपुरात आज हाताशी आहे. म्हणून हा विषय मला इथल्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आधी हे संयुग मुळात टिकतंच का, ते पाहू. जर्मन स्फटिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लावेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुगांच्या एका मोठ्या कुटुंबात ते मोडतं. मोठ्या आणि लहान गोलांना एकत्र दाटीने रचायचं आणि त्रिज्यांचं गुणोत्तर १.२२५ असेल, तर दोन प्रकारचे गोल विलक्षण नेटकेपणाने एकमेकांत बसतात. कॅल्शियमची धातूमधली त्रिज्या १.९७ अँगस्ट्रॉम, मॅग्नेशियमची १.६०, गुणोत्तर १.२३. इतका चांगला मेळ पाहिला की वाटतं, उत्तर मिळालं, आता संगणक कशाला हवा?

पण मॅग्नेशियमच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घ्या. त्याची त्रिज्या १.४३, म्हणजे कॅल्शियमशी गुणोत्तर १.३८. भूमितीच्या हिशेबाने हे संयुग लावेस कुटुंबात यायला नको, तरी ते येतं, आणि चांगलं घट्ट येतं. त्याच्या आत डोकावलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते. अ‍ॅल्युमिनियमच्या शेजारी-शेजारी अणूंमधलं अंतर शुद्ध धातूत २.८६ अँगस्ट्रॉम असतं, इथे ते २.८४ आहे, म्हणजे जवळपास तेवढंच. कॅल्शियमच्या अणूंमधलं अंतर मात्र ३.९५ वरून थेट ३.४८ वर आलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमने आपली जागा सोडलेली नाही आणि दबला आहे तो कॅल्शियम. कारण कॅल्शियमने आपल्या इलेक्ट्रॉनांचा काही भाग अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्याकडे वळवला आहे, आणि इलेक्ट्रॉन गेले की अणू आकसतो. आता कॅल्शियमच्या खालचा स्ट्रॉन्शियम घ्या. अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं गुणोत्तर १.५ पर्यंत जातं. तिथे साध्या दाबाखाली लावेस रचना मोडते आणि वेगळीच रचना येते. मात्र खूप दाब दिला, की हेच संयुग पुन्हा लावेस रचनेत शिरतं.

याचा अर्थ, अणूची त्रिज्या ही त्याला जन्मापासून चिकटलेली संख्या नव्हे. शेजारी कोण आहे आणि इलेक्ट्रॉन कुठे गेले यावर ती ठरते. म्हणून गोल रचण्याची भूमिती एका हद्दीपर्यंत वाट दाखवते आणि मग पुंजयांत्रिकीकडे बोट दाखवून थांबते. संगणकाची गरज इथे सुरू होते, आणि ती खरी गरज आहे.

या गणिताचा पाया १९६४ आणि १९६५ साली घातला गेला. वॉल्टर कोन यांनी आधी पिअर होहेनबर्ग यांच्यासोबत आणि मग लू शाम यांच्यासोबत असं दाखवलं, की एखाद्या पदार्थाची किमान ऊर्जा काढायला त्यातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. अवकाशात इलेक्ट्रॉनांची घनता कुठे किती आहे एवढं कळलं तरी तत्त्वतः पुरतं. ही डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजेच डीएफटी. कोन यांना १९९८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तत्त्व अचूक आहे, पण वापरताना त्यातला एक छोटा घटक, इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाचा, अंदाजाने घ्यावा लागतो. पुढची सगळी सावधगिरी या एका अंदाजापायी.

ती का हवी, हे आकड्यांवरून लगेच कळतं. कॅल्शियमच्या एका अणूतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा अठरा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते, मॅग्नेशियमची पाच हजारांच्या वर. आपलं संयुग तयार होताना सुटणारी ऊर्जा असते अणूमागे साधारण ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि हे संयुग लावेस कुटुंबातली षट्कोनी रचना घेईल की घनाकृती, हे ज्या फरकाने ठरतं, तो आणखी लहान, इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही हजारांश एवढाच. खोलीच्या तापमानाला अणूंची जी सहज धडपड चालू असते, तिचं माप ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, रचना निवडणारा फरक त्याहूनही कमी. तरी निसर्ग षट्कोनी रचनाच निवडतो आणि चांगलं गणितही तीच सांगतं. प्रचंड संख्यांमधून एवढा बारीक फरक बाहेर काढणं हे विसाव्या शतकातल्या विज्ञानाच्या मोठ्या यशांपैकी एक आहे, असं मी मानतो. हे जमतं, कारण दोन जवळच्या रचनांची तुलना करताना अंदाजातल्या चुका दोन्हीकडे सारख्याच येतात आणि वजाबाकीत निघून जातात. पण दोन रचना एकमेकींपासून जितक्या दूरच्या, तितकं हे निघून जाणं कमी भरवशाचं.

हे गणित करायला लागणारं यंत्र आता दुर्मीळ राहिलेलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, शिकले. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणन संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ साली भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्याचा कमाल वेग सेकंदाला एक अब्ज गणिती क्रिया. आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला साधा संगणक याच्या शेकडो पट वेगाने चालतो. डीएफटीच्या आज्ञावलींपैकी क्वांटम एस्प्रेसोसारखी एखादी कोणालाही फुकट उतरवून घेता येते. आपल्या कॅल्शियम-मॅग्नेशियम संयुगाच्या एकक कोशिकेत बारा अणू असतात; त्याची ऊर्जा काढण्याचं काम एमएस्सीच्या विद्यार्थ्याला आपल्याच टेबलावर एका बैठकीत करता येतं. विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला आज जे साधन उपलब्ध आहे, ते माझ्या पिढीतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोठमोठ्या संस्थांतही सहज मिळत नव्हतं. हा बदल मला मनापासून आनंदाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचं काय होतं आहे याची काळजीही वाटते.

काळजी कशाची, ते सांगतो. या विषयातल्या लेखांचा एक साचा तयार झाला आहे. एखादं संयुग घ्यायचं, त्याची एक रचना गृहीत धरायची, ऊर्जा काढायची, ती घटक धातूंच्या ऊर्जेपेक्षा कमी आली की संयुग स्थिर म्हणायचं, मग लवचिकतेचे स्थिरांक, इलेक्ट्रॉनांचे पट्टे, डिबाय तापमान यांचे तक्ते द्यायचे. प्रत्येक तक्ता बरोबर असू शकतो. पण घटक धातूंपेक्षा कमी ऊर्जा असणं ही स्थिरतेची फक्त पहिली पायरी आहे.

स्ट्रॉन्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमचंच उदाहरण घेऊ. त्यांची ओळखीची संयुगं अशी: स्ट्रॉन्शियमच्या एका अणूला अ‍ॅल्युमिनियमचे चार, एकाला दोन, आणि आठाला सात. आता एकाला तीन अशा प्रमाणातलं काल्पनिक संयुग घेऊन त्याची ऊर्जा काढली, तर ती शुद्ध स्ट्रॉन्शियम आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत खाली येईल अशीच अपेक्षा आहे, कारण या दोन धातूंना एकमेकांची ओढ आहे. पण त्या संयुगाचे खरे प्रतिस्पर्धी शुद्ध धातू नाहीतच. एकास चार आणि एकास दोन ही शेजारची दोन संयुगं योग्य प्रमाणात मिसळली की एकूण प्रमाण तेच येतं. त्या मिश्रणाची ऊर्जा जर कमी असेल, तर आपलं काल्पनिक संयुग त्यांच्यात फुटणार. आडव्या अक्षावर प्रमाण आणि उभ्या अक्षावर ऊर्जा घेऊन प्रत्येक संयुगाच्या जागी भिंतीत खिळा ठोकावा आणि सगळ्या खिळ्यांच्या खालून एक दोरी घट्ट ताणावी, म्हणजे चित्र स्पष्ट होतं. दोरीला टेकलेले खिळे स्थिर. दोरीच्या वर राहिलेला प्रत्येक खिळा, शुद्ध धातूंच्या कितीही खाली असला तरी, फुटण्याच्या वाटेवर. या दोरीला अभ्यासक कॉन्व्हेक्स हल म्हणतात. तीन मूलद्रव्यं असतील तर दोरीच्या जागी ताणलेलं कापड येतं आणि प्रतिस्पर्ध्यांची यादी एकदम लांबते.

म्हणजे एका संयुगाची स्थिरता काढायची तर त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची गणितं करावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात नवं संयुग नाही, त्याला शीर्षकात जागा नाही. पण हे केल्याशिवाय स्थिर हे विशेषण लावण्याचा अधिकार मिळत नाही. माझा आग्रह आहे तो एवढ्याच कष्टांचा, आणि तो मला अवाजवी वाटत नाही.

दोरीला टेकणं हीदेखील शेवटची पायरी नव्हे. स्फटिकातले अणू जागच्या जागी हलत असतात. एखाद्या दिशेने थोडं सरकल्यावर ऊर्जा वाढण्याऐवजी कमी होत असेल, तर ती रचना मुळातच टेकलेली नाही, ती घसरणार. ही परीक्षा फोनॉनच्या गणिताने करतात. तीही पुरेशी ठरेलच असं नाही, आणि याचं नमुनेदार उदाहरण खुद्द कॅल्शियम आहे. सुमारे तीन लाख वातावरणांच्या दाबाला कॅल्शियम साध्या घनाकृती रचनेत जातो, असं क्ष-किरणांनी दाखवलं. शून्य तापमान धरून केलेल्या गणिताने मात्र सांगितलं की ही रचना उभीच राहू शकत नाही. प्रयोग खोटा नव्हता आणि गणितातही आकडेमोडीची चूक नव्हती. अणूंची खरी, मोठी आणि वेडीवाकडी हालचाल त्या सोप्या गणितात धरलेली नव्हती. ती धरल्यावर घनाकृती रचना कशी तगते ते उलगडू लागलं. एकाच मूलद्रव्याचा, अवघ्या एका अणूच्या कोशिकेचा हा पदार्थ, आणि तोही इतकं शिकवतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरण २००२ सालचं आहे. आदल्याच वर्षी जपानमध्ये जुन अकिमित्सु यांच्या गटाला मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्व्हिनला अतिसंवाहक होतं असं आढळलं होतं. वॉरेन पिकेट आणि सहकाऱ्यांनी त्याच्याशी मिळतीजुळती थरांची रचना असलेल्या लिथियम, बोरॉन आणि कार्बनच्या संयुगाचं गणित केलं आणि सांगितलं की त्यातून थोडं लिथियम काढलं तर याहूनही किती तरी वरच्या तापमानाला अतिसंवाहकता मिळेल. विचार सुंदर होता. प्रयोग करणाऱ्यांनी लिथियम काढून पाहिलं, अतिसंवाहकता मिळाली नाही. लिथियम गेल्यावर थरांची रचनाच बिघडली. गणितात चौकट जशीच्या तशी राहील असं धरलं होतं. पदार्थाने ते मान्य केलं नाही. तरी मी या भाकिताला अपयश म्हणणार नाही. ते इतकं स्पष्ट होतं की प्रयोगाला त्याला होय किंवा नाही म्हणता आलं. बहुतेक तक्त्यांना प्रयोग काहीच म्हणू शकत नाही, कारण ते काही विचारतच नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न जगभर एकदम मोठा झाला. गुगलच्या डीपमाइंडने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने २२ लाख नवे स्फटिक सुचवले आणि त्यांपैकी सुमारे ३,८०,००० स्थिर असल्याचं सांगितलं. त्याच सुमारास बर्कलीच्या एका स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचा दावा केला. पुढच्या काही महिन्यांत उत्तरं आली. सॅन्टा बार्बाराचे अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनी डीपमाइंडच्या यादीतले नमुने तपासून लिहिलं, की नवं, विश्वसनीय आणि उपयोगी अशा तिन्ही कसोट्यांना एकत्र उतरणारं त्यांत फारसं काही सापडत नाही. रॉबर्ट पालग्रेव्ह, लेस्ली शूप आणि सहकाऱ्यांनी बर्कलीच्या पदार्थांचे क्ष-किरण नकाशे पुन्हा वाचले आणि दाखवलं, की त्यांतले पुष्कळसे आधीच माहीत असलेले पदार्थ होते. ज्यांत दोन धातू एकाच जागेवर सरमिसळ बसतात, अशा संयुगांना संगणकाने शिस्तशीर रांगेत बसवलं होतं आणि त्या रांगेला नवं संयुग मानलं होतं. सरमिसळीला एक मूल्य असतं. तापमान वाढलं की ते मूल्य वाढतं. शून्य केल्व्हिनच्या ऊर्जेत ते दिसत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दोरीच्या वरचा प्रत्येक पदार्थ निरुपयोगी असतो असं मुळीच नाही. हिरा ग्रॅफाइटच्या वर आहे आणि टिकून आहे. बर्कलीच्या मटेरिअल्स प्रोजेक्ट या माहितीसाठ्यातली आकडेवारी वापरून २०१६ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की ज्ञात अजैविक स्फटिकांपैकी जवळपास निम्मे गणितानुसार दोरीच्या वर आहेत, बरेचसे थोडेच वर. म्हणजे दोरी हा निकाल नाही. पण मग प्रश्न आणखी नेमका होतो: किती वर, कशात फुटणार, आणि फुटायला किती वेळ लागणार?

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या घरांच्या खिडक्यांमध्ये बसवलेलं आहे. खिडक्या-दारांच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी ज्या मिश्रधातूच्या असतात, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं. या दोघांचं स्थिर संयुग म्हणजे मॅग्नेशियमचे दोन अणू आणि सिलिकॉनचा एक. पाठ्यपुस्तकं पुष्कळदा सांगतात की या चौकटीला बळ याच संयुगामुळे येतं. प्रत्यक्षात ओढलेला मिश्रधातू साधारण १७० ते १८० अंशांना काही तास ठेवला, की आत नॅनोमीटर जाडीच्या सुया तयार होतात आणि बळ देतात त्या या सुया. त्यांची रचना आणि प्रमाण दोन्ही स्थिर संयुगापेक्षा वेगळं आहे. युरोपातल्या सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञांनी १९९७-९८ साली इलेक्ट्रॉन विवर्तनाने ती रचना उलगडली आणि मॅग्नेशियमचे पाच अणू आणि सिलिकॉनचे सहा असं प्रमाण सांगितलं. त्यानंतर डीएफटीच्या गणितांनी आणि एकेक अणू मोजणाऱ्या उपकरणांनी मिळून दाखवलं, की त्या सुईत काही अ‍ॅल्युमिनियमही बसलेलं असतं आणि त्यामुळे ती भोवतालच्या धातूशी अधिक चांगली जुळते. जास्त वेळ तापवलं, की सुया जाऊन हळूहळू ते स्थिर संयुग येतं आणि धातू मऊ पडतो. इथे स्थिर होणं म्हणजेच बिघडणं. अशा ठिकाणी संगणकाने केवळ स्थिर संयुगाचे तक्ते दिले तर कारखान्याच्या हाती काहीच लागत नाही. सुईची ऊर्जा, तिच्या सीमेची ऊर्जा, तिचा आणि धातूचा मेळ यांची गणितं केली, तर लागतं.

गणित आणि प्रयोग यांचं असं खरं नातं महाराष्ट्रातही घडलेलं आहे. गॅलियम हा हातात धरला तर वितळेल असा धातू, वितळणबिंदू ३० अंशांच्या किंचित खाली. अमेरिकेतल्या मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाने २००३ साली पाहिलं की गॅलियमचे काही डझन अणूंचे पुंजके त्याहून किती तरी वरच्या तापमानापर्यंत घन राहतात. लहान कण लवकर वितळतात या नेहमीच्या अनुभवाच्या हे अगदी उलटं. पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी डीएफटीने त्या पुंजक्यांची उष्णतेतली हालचाल काढली आणि २००४ साली कारण दाखवलं: पुंजक्यात अणूंमधले बंध मोठ्या धातूपेक्षा अधिक सहसंयुजी, अधिक घट्ट होतात. मुळात कोणीतरी मोजलेलं काहीतरी अडलं होतं, आणि गणिताने त्या अडलेल्या जागी हात घातला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, म्हणजे टीआयएफआरमधली, परंपरा याच्या पलीकडची बाजू दाखवते. तिथे १९९३-९४ साली यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या नमुन्यात अतिसंवाहकतेची अगदी क्षीण खूण दिसली. ती दुर्लक्षित करणं सोपं होतं. आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती धरून ठेवली, तिच्यामागे नमुन्यातला किंचित कार्बन आहे हे ओळखलं, आणि चार मूलद्रव्यांच्या बोरोकार्बाइड अतिसंवाहकांचं एक संपूर्ण कुटुंब जगापुढे आलं. यादी तयार करून बसलेल्या संगणकाला चौथं मूलद्रव्य सुचलं नसतं. त्याला ते कोणी दिलंच नसतं.

आता नागपूर. इथल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला अल्कधर्मी मृदा धातूंची ओळख नवी नाही. एस. व्ही. मोहरील, एस. जे. ढोबळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियमच्या संयुगांवर दीप्तिशील पदार्थांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. किरणोत्सर्गाच्या जागी काम करणारे लोक छातीवर जो बिल्ला लावतात, त्यात कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोशियम घातलेला पदार्थ असतो. त्या जातीच्या पदार्थांशी नागपूरच्या प्रयोगशाळांचा हात बसलेला आहे. ते आंतरधातू नाहीत, पण भट्टीत काय घातलं, किती तापवलं, काय निघालं याची शिस्त तीच. अमरावती रस्त्यावर वाडीला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, भारतात अ‍ॅल्युमिनियमसाठी खास स्थापन झालेलं. व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीने हलक्या मिश्रधातूंवर अनेक दशकं काम केलं आहे आणि २०२१ नंतर ज्या यंत्र इंडिया कंपनीत ती गेली, तिचं मुख्यालयही इथेच आहे. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात जाता येतं. गणित करणारी मुलगी आणि भट्टी तापवणारा तंत्रज्ञ यांच्यात इतकं कमी अंतर असलेली शहरं देशात थोडीच आहेत.

तरी हे दोघं क्वचित भेटतात. गणिताचा लेख भौतिकशास्त्राच्या मासिकात जातो, ओतकामाचा धातुशास्त्राच्या, आणि दोघांचे मार्गदर्शक एकमेकांचे लेख वाचत नाहीत. पीएच्‌डीच्या नियमांना निबंधांची संख्या हवी असते, आणि शेजाऱ्यांची गणितं करण्यात संख्या वाढत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. त्यांना प्रश्न दिला जात नाही, संयुग दिलं जातं.

मग प्रश्न कोणता द्यावा? एक मी सुचवतो, कारण त्याची गरज मला खरी वाटते. अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या ओतीव मिश्रधातूत, ज्यापासून गाड्यांचे सिलिंडर हेड होतात, सिलिकॉन जाड, टोकदार पत्र्यांसारखा जमतो आणि धातू ठिसूळ होतो. त्यात टक्क्याचे दोन-तीन शतांश एवढं स्ट्रॉन्शियम घातलं, की तोच सिलिकॉन बारीक तंतूंसारखा वाढतो. स्ट्रॉन्शियम घालतात ते दहा टक्के स्ट्रॉन्शियमच्या अ‍ॅल्युमिनियम कांडीतून. त्या कांडीत स्ट्रॉन्शियमच्या एका अणूला अ‍ॅल्युमिनियमचे चार असं संयुग असतं. ते द्रवात विरघळलं पाहिजे. जास्त पडलं तर स्ट्रॉन्शियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून तिसरंच संयुग तयार होतं आणि स्ट्रॉन्शियम त्यात अडकून निकामी होतं. आता अ‍ॅल्युमिनियम भंगारातून परत मिळवण्यावर भर वाढतो आहे, आणि वाडीच्या केंद्राच्या कामात पुनर्वापराला महत्त्वाची जागा आहे. भंगारात खिडकीच्या चौकटींतून मॅग्नेशियम येतं, इतर वाटांनी कॅल्शियम येतं. म्हणजे एकाच द्रवात आवर्तसारणीच्या त्या एकाच रांगेतले तीन धातू, आणि तिघेही सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमशी संयुगं करायला उत्सुक. कॅल्शियम असताना स्ट्रॉन्शियमला कोणतं संयुग अधिक खालची ऊर्जा देतं? कॅल्शियम त्या तिसऱ्या संयुगात स्ट्रॉन्शियमची जागा घेऊ शकतो का, किती प्रमाणात, आणि त्यामुळे स्ट्रॉन्शियम मोकळं राहतं की अधिक अडकतं? मॅग्नेशियम किती झालं की हिशेब बदलतो?

हे प्रश्न चार आणि पाच मूलद्रव्यांच्या दोरीचे, म्हणजे ताणलेल्या कापडाचे आहेत. संयुगं बहुतेक माहीत आहेत, रचना लहान आहेत, गणित महाविद्यालयाच्या संगणकावर होण्यासारखं आहे. सरमिसळीचं मूल्य धरावं लागेल, शून्य केल्व्हिनवर थांबून चालणार नाही, कारण ओतकाम सातशे अंशांच्या आसपास होतं. आणि उत्तर आलं की ते कागदावर राहायचं कारण नाही: ठरावीक भंगार, ठरावीक स्ट्रॉन्शियम, वाडीच्या भट्टीत एक ओत, व्हीएनआयटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक काप. गणिताने सांगितलेलं संयुग तिथे असेल किंवा नसेल. नसलं, तर कोणता प्रतिस्पर्धी यादीत धरायचा राहिला, ते शोधायला विद्यार्थ्याने पुन्हा संगणकाकडे जावं.